आधी नकाशा, मग माघार

10 मे 2025 रोजी भारत आणि पाकिस्तान यांच्यातला गोळीबार थांबल्याची बातमी दिल्ली किंवा इस्लामाबादच्या आधी वॉशिंग्टनहून आली. तेव्हापासून आपल्याकडे एक जुना सिद्धान्त नव्या जोमाने मांडला जातो आहे: दोघांचं भांडण, तिसऱ्याचा लाभ. शस्त्रसंधी दोन्ही लष्करांच्या मोहीम महासंचालकांमधल्या थेट बोलण्यातून ठरली, असं परराष्ट्र खात्याने त्याच दिवशी सांगितलं. भारताने मध्यस्थी कधी स्वीकारली नाही आणि स्वीकारणारही नाही, असं पंतप्रधानांनी 17 जूनच्या फोनवर ट्रम्प यांना ऐकवलं. सरकारने असं म्हणण्यात काही गैर नाही. वाटाघाटी करणाऱ्याला जाहीर भूमिका ताठ ठेवावीच लागते. पण सरकारची भूमिका आणि देशाचा इतिहास या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि सध्या पहिलीलाच दुसरी म्हणून खपवलं जातं आहे. 1948 साली संयुक्त राष्ट्रांनी काश्मीर अडकवून ठेवलं, 1966 साली ताश्कंदमध्ये रशियाने हाजीपीर खिंड सोडायला लावली, 1968 साली परदेशी लवादाने कच्छचा तुकडा तोडून दिला, म्हणून 1972 साली सिमल्यात आपण तिसऱ्याला कायमचं दार बंद केलं, अशी ही मांडणी आहे. जयपूरमध्येही ती ऐकू येते, आणि इथे तर तिची तपासणी करणं अधिकच गरजेचं आहे. लष्कराच्या दक्षिण-पश्चिम कमांडचं मुख्यालय 2005 पासून या शहरात आहे आणि पाकिस्तानशी हजार किलोमीटरहून लांब सीमा असलेल्या राज्याची ही राजधानी आहे. या सीमेच्या दोन्ही अंगांना सैन्यं आली, थांबली आणि परत गेली, तेही एकदा नव्हे. ती कशी परत गेली हे पाहिलं तर या मांडणीचे चारही खांब हलू लागतात.

पहिला खांब संयुक्त राष्ट्रांचा. एप्रिल 1948 मध्ये सुरक्षा परिषदेत ब्रिटनचे फिलिप नोएल-बेकर यांनी पाकिस्तानच्या बाजूने वजन टाकलं हे खरं आहे आणि ते लपवण्याचं कारण नाही. पण ज्या दस्तऐवजावर पुढची सगळी चर्चा झाली, तो त्यांचा नव्हता. पाच देशांच्या आयोगाने 13 ऑगस्ट 1948 रोजी ठराव केला आणि त्याचा दुसरा भाग आज वाचला तर भारताने तो का मान्य केला हे लगेच कळतं. पाकिस्तानी सैन्य राज्यात असणं हा परिस्थितीतला मोठा बदल आहे, ते सैन्य परत जाईल, टोळीवाले परत जातील, आणि ते गेल्याचं व सैन्य परत जात असल्याचं आयोगाने कळवल्यावरच भारत आपल्या फौजेचा ‘मोठा भाग’ टप्प्याटप्प्याने काढेल, असा क्रम त्यात आहे. म्हणजे आधी कोण आणि नंतर कोण, हे आपल्या मनासारखं लिहिलं गेलं होतं. लिहिले गेले नव्हते ते आकडे आणि तारखा. मोठा भाग म्हणजे किती बटालियन? पलीकडे उभ्या राहिलेल्या ‘आझाद काश्मीर’च्या फौजेचं काय? ती पाकिस्तानी सैन्यात धरायची की स्थानिक म्हणून सोडून द्यायची? ठराव यावर मोघम राहिला आणि पुढची पाच वर्षं त्या मोघमपणाची किंमत मोजण्यात गेली.

त्या पाच वर्षांत जे मध्यस्थ आले, त्यांना सरसकट पक्षपाती म्हणता येत नाही. कॅनडाचे जनरल मॅकनॉटन यांनी डिसेंबर 1949 मध्ये दोन्ही फौजा एकाच वेळी कमी करायची योजना मांडली. आक्रमक आणि आक्रमणग्रस्त यांना एका तागडीत तोलणारी म्हणून भारताने ती नाकारली, आणि ते नाकारणं योग्य होतं. पण 1950 मध्ये आलेले ऑस्ट्रेलियाचे न्यायमूर्ती सर ओवेन डिक्सन यांनी ही चूक केली नाही. टोळीवाल्यांनी ऑक्टोबर 1947 मध्ये सीमा ओलांडणं आंतरराष्ट्रीय कायद्याविरुद्ध होतं आणि मे 1948 मध्ये पाकिस्तानचं नियमित सैन्य आत येणंही कायद्याशी विसंगत होतं, असं त्यांनी अहवालात लिहिलं. त्यापुढे जाऊन त्यांनी सुचवलं की ठरलेल्या दिवशी पाकिस्तानी सैन्याने निघायला सुरुवात करावी आणि बरेच दिवस उलटल्यावरच बाकीच्या हालचाली व्हाव्यात. पाकिस्तानचे पंतप्रधान लियाकत अली खान यांना कायदेभंगाचा ठपका मान्य नव्हता, तरी आधी निघायला ते तयार झाले. नेहरूंनी मात्र पुढचे टप्पे नाकारले. आपल्या सोयीचा इतिहास सांगताना हा प्रसंग गाळला जातो. नेहरूंची भीती निराधार नव्हती. खोऱ्यातून फौज काढली आणि पुन्हा टोळ्या उतरल्या तर काय, हा प्रश्न 1947 च्या अनुभवानंतर कुणीही विचारला असता. पण मग अपयशाचं खापर ‘तिसऱ्या’वर फोडता येत नाही.

डिक्सन यांच्यानंतर आलेल्या फ्रँक ग्रॅहम यांच्या वेळी तर अपयशाचं कारण अगदी उघडं पडलं. मोघमपणा संपवायचा म्हणून ग्रॅहम यांनी आकड्यांची पट्टी आखली: पाकिस्तानच्या बाजूला 3,000 ते 6,000 आणि भारताच्या बाजूला 12,000 ते 18,000 सैनिक राहतील. सुरक्षा परिषदेने 23 डिसेंबर 1952 च्या ठरावात हीच पट्टी घेतली. भारताला आपल्या बाजूला किमान 21,000 हवे होते आणि पलीकडे लष्कर मुळीच नको, फक्त नागरी दल हवं होतं. आपल्या बाजूच्या आकड्यापुरतं पाहिलं तर चार वर्षांच्या खटाटोपानंतर अंतर उरलं होतं तीन हजार सैनिकांचं. एवढ्या मोठ्या डोंगराळ प्रदेशात तीन हजार सैनिकांनी लष्करी समतोल कितीसा बदलणार होता? तरीही कुणी हललं नाही, कारण मोजणी सैनिकांची चाललेलीच नव्हती. माघारीनंतर सार्वमत होणार होतं. त्यामुळे माघारीचा प्रत्येक टप्पा मालकीच्या निकालाकडे नेणारी पायरी झाला होता आणि दोन्ही बाजू प्रत्येक बटालियनकडे मतपेटीच्या हिशेबाने पाहत होत्या. फौजा दूर करण्याचं काम आणि जमीन कुणाची हे ठरवण्याचं काम एकाच दोरीत बांधलं की कितीही निःपक्षपाती माणूस आणला तरी गाठ सुटत नाही. शेताच्या बांधावरून भांडण लागलं की आपण सरकारी मोजणी आणतो. मोजणीदार खुणा दाखवतो, नकाशावर सह्या होतात, मालकीचा दावा कोर्टात वेगळा चालतो. काश्मीरमध्ये मोजणीदाराच्याच हाती सातबारा द्यायचा घाट घातला गेला होता.

पुढच्या दशकांतली दुसरी उदाहरणं ही गोष्ट उलट बाजूने सिद्ध करतात आणि त्यांतलं सर्वांत ठळक, सर्वांत बदनाम उदाहरण कच्छचं आहे. एप्रिल 1965 मध्ये कंजरकोट आणि सरदार चौकीच्या परिसरात लढाई पेटली. ब्रिटनचे पंतप्रधान हॅरल्ड विल्सन मध्ये पडले आणि 30 जून 1965 रोजी करार झाला. त्याची रचना पाहण्यासारखी आहे. सैन्यांनी 1 जानेवारी 1965 ला जशी स्थिती होती तशी परत आणायची, म्हणजे तारीख नेमकी. सीमा कुठून जाते या एका प्रश्नावर तीन जणांचा लवाद नेमायचा, म्हणजे प्रश्न नेमका. लवादात भारताने युगोस्लाव्हियाचे बेबलर निवडले, पाकिस्तानने इराणचे एंतेझाम, आणि अध्यक्ष होते स्वीडनचे न्यायमूर्ती लागरग्रेन. 19 फेब्रुवारी 1968 ला निवाडा आला. पाकिस्तानचा दावा रणाच्या उत्तरेकडच्या अर्ध्या भागावर, सुमारे 9,000 चौरस किलोमीटरवर होता. त्याला त्यातला साधारण दहावा भाग मिळाला आणि बाकी सगळं रण भारताचं ठरलं.

यावर आक्षेप असा की एक इंच तरी का द्यावा, आणि तोही राजकीय कारणासाठी? आक्षेपात तथ्य आहे. नगरपारकरच्या दोन्ही बाजूंच्या खोल खाचा लवादाने पाकिस्तानला दिल्या त्या निव्वळ पुराव्याच्या जोरावर नव्हे. परक्या मुलखाने वेढलेला भाग शांततेला पोषक नाही, असा विचार त्यामागे होता. बेबलर यांनी मतभेद नोंदवून भारताचा संपूर्ण दावा उचलून धरला होता. देशात निवाड्याविरुद्ध सत्याग्रह झाला आणि आपले मधू लिमये इतर अर्जदारांसोबत सर्वोच्च न्यायालयात गेले. न्यायालयाने 1969 मध्ये सांगितलं की हे भूभाग देऊन टाकणं नाही, वादग्रस्त सीमा निश्चित करणं आहे, त्यामुळे घटनादुरुस्ती लागत नाही. लिमयांचा लढा संसदेच्या अधिकारासाठी होता आणि तो लढणं लोकशाहीत आवश्यकच होतं. पण निवाडा चांगला की वाईट हे ठरवताना त्यानंतर काय घडलं हेही पाहायला हवं. निवाड्यानुसार खांब रोवले गेले. पुढे 1971 चं युद्ध झालं, कारगिल झालं, संसदेवरच्या हल्ल्यानंतर महिनोन्‌महिने सैन्यं समोरासमोर उभी राहिली, पण त्या रेषेवर कुणी नवा दावा केला नाही. त्याच रणाच्या पश्चिम टोकाला सर क्रीकची खाडी आहे. ती लवादाकडे सोपवली गेली नव्हती. ती आजही वादात आहे. 10 ऑगस्ट 1999 ला पाकिस्तानी नौदलाचं अटलांटिक विमान आपण पाडलं ते त्याच भागात. एकाच दलदलीचे दोन भाग, तेच दोन देश, तेच वैर. एक लवादाकडे गेला तो मिटला, दुसरा द्विपक्षीय चर्चेसाठी राहिला तो अजून चिघळतो आहे. ‘तिसरा आला की आपलं गेलं’ म्हणणाऱ्यांनी या दोन टोकांमधला फरक समजावून सांगावा.

कच्छ करारामुळे भारत लढायला कचरतो असा पाकिस्तानचे अध्यक्ष अयूब खान यांचा समज झाला आणि म्हणून ऑगस्टमध्ये घुसखोर काश्मीरमध्ये उतरले, असाही एक मुद्दा असतो. अयूब यांचा समज तसा झाला असेल. पण तो रणातल्या एप्रिलच्या लढाईवरून झाला, लवादाच्या कलमांवरून नव्हे. आणि सप्टेंबर 1965 चं युद्ध होऊनही दोन्ही देशांनी तोच लवाद चालू ठेवला हे सोयीस्करपणे विसरलं जातं.

ताश्कंदचं दुखणं मराठी वाचकाच्या अधिक जवळचं आहे. तेव्हाचे संरक्षणमंत्री यशवंतराव चव्हाण शास्त्रीजींबरोबर तिथे होते आणि करारानंतर काही तासांतच शास्त्रीजी गेले, त्यामुळे त्या कराराकडे थंड डोक्याने पाहणं आपल्याला जमलेलंच नाही. हाजीपीर खिंड 28 ऑगस्ट 1965 ला आपल्या जवानांनी मिळवली होती. ती परत करणं लष्कराला जिव्हारी लागलं आणि घुसखोरीचा तो मार्ग पुन्हा उघडा झाला, हे नुकसान खरं होतं. मात्र 10 जानेवारी 1966 च्या करारातला नियम एकच होता: दोघांनीही 25 फेब्रुवारीपर्यंत 5 ऑगस्ट 1965 च्या जागी जायचं. त्याच नियमाने पाकिस्तानने छांब सोडलं आणि इथे बाडमेर जिल्ह्यातलं मुनाबाव सोडलं. मुनाबाव हवं आणि हाजीपीरही हवी, असा नियम जगातल्या कुठल्याही टेबलावर मिळत नाही. आणि तारीख पाळली गेली. संयुक्त राष्ट्रांनी काश्मीरबाहेरच्या सीमेवर सप्टेंबरपासून एक तात्पुरती निरीक्षक तुकडी ठेवली होती, ती माघार पूर्ण झाल्यावर मार्चमध्ये आवरती घेतली गेली. काश्मीरमध्ये 1949 पासून आजतागायत बसलेलं निरीक्षक पथक आणि इथे काम संपताच गेलेली ही तुकडी, दोन्ही एकाच संस्थेच्या. काश्मीरच्या पथकाला प्रश्न मिटण्याची वाट पाहायची होती, इथल्या तुकडीला फक्त माघार पाहायची होती. सोव्हिएत पंतप्रधान कोसिगिन यांनी ताश्कंदमध्ये काश्मीरची मालकी ठरवण्याच्या फंदात न पडता सैनिक कुठे जातील एवढ्यावर दोघांना आणलं, म्हणून माघार तरी झाली. वैर संपलं नाही, पण ते संपवायला ते बसलेही नव्हते.

सिमल्याकडे बोट दाखवून ‘बघा, तिसऱ्याशिवायही जमतं’ म्हटलं जातं. जमतं, हे मान्य. कसं जमलं, ते सांगायला जयपूरइतकं योग्य शहर नाही. डिसेंबर 1971 मध्ये जयपूरचे सवाई भवानीसिंह 10 पॅरा कमांडोचे लेफ्टनंट कर्नल म्हणून वाळवंटातून सिंधमध्ये खोल शिरले. छाछरो, वीरावाह, नगरपारकर हा सगळा पट्टा हाती आला आणि त्यांना महावीरचक्र मिळालं. (त्याच डिसेंबरात घटनादुरुस्तीने त्यांचं महाराजपद आणि तनखा गेला, हा या प्रजासत्ताकाचा स्वभाव मला फार आवडतो.) सिमला करारावर 2 जुलै 1972 ला सही झाली, पण छाछरो लगेच सोडलं नाही. आधी जम्मू-काश्मीरमधली नियंत्रण रेषा दोन्ही लष्करांच्या वरिष्ठांनी नकाशांवर आखायची, मग सिंध-पंजाबातून परतायचं, यावर भारत अडून बसला. ठाको चक नावाच्या एका खेड्यावरून महिने गेले. लेफ्टनंट जनरल प्रेमिंद्रसिंह भगत आणि पाकिस्तानचे लेफ्टनंट जनरल अब्दुल हमीद खान यांनी 11 डिसेंबरला सुचेतगढमध्ये नकाशांवर सह्या केल्या आणि त्यानंतर डिसेंबरातच वाळवंट रिकामं झालं. कारगिलच्या वेळी पाकिस्तानी सैनिक रेषेच्या अलीकडे आहेत हे आपण जगाला छातीठोकपणे दाखवू शकलो ते याच नकाशांमुळे. तेव्हा सिमल्याची खरी शिकवण तिसरा नको ही नाही. आधी कागद, मग पाऊल, हे तिथे पाळलं गेलं. शिवाय करारातलं कलम शब्दशः वाचलं तर मतभेद द्विपक्षीय वाटाघाटींनी किंवा दोघांना मान्य असलेल्या अन्य कोणत्याही शांततामय मार्गाने सोडवायचे असं आहे. कायमचं बंद झालेलं दार म्हणतात ते हेच, आणि त्याची कडी आतून, आपल्या हातात आहे. द्विपक्षीय कराराच्या नजरेतून काय सुटलं तेही सांगायला हवं. छाछरो-नगरपारकरकडचे हजारो हिंदू, त्यांत सोढा राजपूत आणि मेघवाळ, भारतीय सैन्य मागे फिरताना घरदार सोडून बाडमेरकडे आले. नकाशावर सैन्याच्या जागा होत्या. या लोकांची सोय कुठल्या कलमात नव्हती.

तिसऱ्याचा सगळ्यात उपयोगी अवतार मात्र लवादाचाही नाही आणि मध्यस्थाचाही नाही, तो साक्षीदाराचा आहे, आणि त्याचा दाखलाही राजस्थानातच मिळतो. 1986-87 च्या हिवाळ्यात भारतीय लष्कराच्या ब्रासटॅक्स सरावामुळे दोन्ही सैन्यं युद्धाच्या तोंडाशी आली. त्याची गोष्ट सांगताना सगळे 22 फेब्रुवारी 1987 ला येतात, पाकिस्तानचे अध्यक्ष जनरल झिया जयपूरच्या सवाई मानसिंह स्टेडियमवर कसोटी पाहायला आले तिथे. क्रिकेटने युद्ध टाळलं अशी दंतकथा आहे. गावसकर त्या कसोटीच्या पहिल्याच चेंडूवर इम्रानला बाद झाले, एवढंच त्या सामन्याबद्दल निश्चित सांगण्यासारखं. माघारीचा करार त्याच्या अडीच आठवडे आधी, 4 फेब्रुवारीला, दिल्लीत परराष्ट्र सचिवांच्या पातळीवर झाला होता, आणि तो एकेका क्षेत्राने, टप्प्यांनी होता. झियांनी येऊन वातावरण मऊ केलं, फौजा मागे नेल्या त्या कागदाने. तीन वर्षांनी, 1990 मध्ये, राजस्थानातल्या महाजनच्या मैदानावरल्या लष्करी सरावावरून पुन्हा तेच संशय उठले. तेव्हा भारताने दिल्लीतल्या अमेरिकी दूतावासाच्या लष्करी अधिकाऱ्यांना राजस्थानात जाऊन स्वतः पाहू दिलं. हल्ल्याची तयारी नाही हे त्यांना दिसलं आणि ते इस्लामाबादपर्यंत पोचलं. मे महिन्यात अमेरिकेचे दूत रॉबर्ट गेट्स दोन्ही राजधान्यांत आले तेव्हा त्यांच्या हाती ही माहिती होती. भारताच्या सार्वभौमत्वाला यातून ओरखडाही उठला नाही.

महासत्तेला स्वतःचा स्वार्थ असतो, आज साक्षीदार म्हणून बोलावलेला उद्या न्यायाधीश होऊन बसतो, हा शेवटचा आणि सर्वांत गंभीर आक्षेप. ट्रम्प यांच्या वक्तव्यांनी त्याला बळ दिलं आहे. गोळीबार थांबवण्यावरून ते थेट काश्मीरवर तोडगा काढण्याच्या भाषेवर गेले. पण त्यावरचा उपाय तिसऱ्याला पूर्ण नाकारणं हा नाही, कारण प्रत्यक्षात आपण त्याला नाकारत नाहीच. 4 जुलै 1999 ला नवाझ शरीफ यांना वॉशिंग्टनमध्ये माघारीची कबुली द्यायला क्लिंटन यांनी लावलं तेव्हा वाजपेयींनी तिकडे जायला नकार दिला, मात्र तो निकाल आनंदाने घेतला. दाराआड मदत घ्यायची आणि जगापुढे तिसरा नव्हताच म्हणायचं, यात धोका असा की त्या मदतीच्या सीमा कुठेच लिहिल्या जात नाहीत आणि मग तिसरा त्या स्वतः आखतो. कच्छमध्ये सीमा लिहिल्या होत्या म्हणून विल्सन यांना काश्मीरकडे सरकता आलं नाही.

आज उरलेल्या वादांनाही हेच लागू होतं. सियाचिनवर 1984 पासून असलेलं भारतीय लष्कर ठाम आहे: सध्या कोण कुठे उभं आहे ती प्रत्यक्ष जमिनीवरील स्थितीची रेषा आधी नकाशावर प्रमाणित करा, मग खाली उतरू. जून 1989 च्या चर्चेत जवळपास जमत आलेलं प्रकरण, आणि 2006 मध्ये पुन्हा उचललेलं, याच सहीवर अडलं. शांततावादी मंडळी याला हट्ट म्हणतात. युद्धबंदी रेषा आखणारा 1949 चा कराची करार एनजे 9842 या बिंदूपाशी थांबला आणि पुढे ‘उत्तरेकडे हिमनद्यांपर्यंत’ एवढंच लिहून मोकळा झाला. त्या एका न आखलेल्या ओळीने पुढे वीस हजार फुटांवर किती जीव घेतले, ते पाहता हा हट्ट सोडू नये. ज्या बाजूला सही नको आहे ती पाकिस्तानची आहे. पण त्या सहीनंतर खाली उतरलेल्या चौक्या रिकाम्या राहतात की नाही, हे उपग्रहचित्रांवरून पाहून दोघांना कळवणारा तिसरा असला तर हरकत कुणाची आणि का असावी? सर क्रीकचंही तसंच. 2007 मध्ये दोन्ही देशांनी मिळून खाडीचं सर्वेक्षण केलं, त्यामुळे जमीन कशी आहे यावर वाद उरलेला नाही. रेषा खाडीच्या मध्यातून न्यायची की पूर्वेच्या काठावरून, एवढाच प्रश्न आहे. तो कायद्याचा आहे, काश्मीरशी त्याचा काडीचा संबंध नाही, आणि 1965 च्या करारासारखं चार ओळींचं कार्यक्षेत्र लिहून तो एखाद्या लवादापुढे ठेवायला सिमल्याचं कलम आडवं येत नाही.